हौसेला मोल लावताना: छंदातून छोटा व्यवसाय, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हातबांधणीच्या वह्या करते. काही वर्षं नुसती हौस म्हणून केल्या, आता विकते. नव्याने या वाटेला लागलेले लोक भेटले की तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. तुमचा छंद लाकूडकामाचा असेल, विणकामाचा, फोटोंचा किंवा गिटार शिकवण्याचा. वहीच्या जागी तुमची वस्तू घालून वाचा, हिशेब फारसा बदलत नाही.

मला एक गोष्ट मनापासून आवडते. तिचाच व्यवसाय करावा का?

आवडते म्हणजे त्यातलं नेमकं काय आवडतं, ते आधी शोधा. मला शिवण आवडते. कागद दुमडायचा, टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओढून घट्ट करायचा. विक्री सुरू झाल्यावर मी चार आठवडे प्रत्येक तास वहीत टिपून ठेवला, तेव्हा कळलं की शिवणीला निम्म्याहून कमी वेळ जातोय. उरलेला वेळ निरोपांना उत्तरं देण्यात, फोटो काढण्यात, खोकी बांधण्यात, पत्ते तपासण्यात आणि "पैसे पाठवले का?" हे शक्य तितक्या गोड शब्दांत विचारण्यात जात होता. छंदात मी फक्त शिवत होते. व्यवसायात शिवणीसोबत एवढं सगळं पदरात पडलं.

हे जर तुम्हाला जमण्यासारखं वाटत असेल, निदान सोसण्यासारखं, तर जरूर करा. अंगावर काटा येत असेल तर दुसऱ्या वाटा आहेत: कला शिकवायची, नमुने किंवा आराखडे विकायचे, किंवा ज्याला विक्री आवडते असा भागीदार शोधायचा.

आणखी एक परीक्षा घेऊन बघा. एकच वस्तू, एकाच रंगात, एकाच मापाची, सलग वीस नग करा. अकराव्या नगाला तुमच्या मनात काय येतं, ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. मला बारावी वही करताना रडू आलं होतं. त्या दिवसापासून मी एकसारख्या मोठ्या ऑर्डरी घेत नाही.

पैसे मिळायला लागले की आवड मरते म्हणतात. खरं आहे का?

थोडं खरं आहे, पण कशाने मरते ते समजून घ्यायला हवं. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. बालवाडीतली तीन ते पाच वर्षांची, रंगीत पेनांनी चित्रं काढायची आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र अचानक, न सांगता दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर बक्षीस कबूल करून काढायला लावलेली मुलं इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना अचानक मिळालं होतं, त्यांची आवड जशीच्या तशी होती.

मुलांवरचा प्रयोग मोठ्यांच्या धंद्याला तंतोतंत लागू होईल असं नाही. तरी मी त्यातून एक नियम घेतला: कामाचा एक कोपरा विक्रीबाहेर ठेवायचा. माझ्याकडे चामड्याच्या वेष्टनाच्या वह्या विकायला नसतात. कोणी कितीही देऊ केले तरी नाही. त्या माझ्या, किंवा भेट द्यायच्या. लोकांना हा आढ्यतेखोरपणा वाटतो, वाटू दे.

ओळखीचे सगळे म्हणतात, "तू हे विकायला हवंस." म्हणजे गिऱ्हाईक आहे ना?

नाही. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

शिवाय आपलं स्वतःचं मतही इथे फारसं विश्वासाचं नसतं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन ॲरिएली यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात लोकांना कागदाच्या घड्या घालून आकृत्या करायला दिल्या होत्या. नवशिक्यांनी आपल्याच वेड्यावाकड्या आकृतीला जी किंमत लावली, ती इतरांनी त्याच आकृतीला लावलेल्या किमतीच्या जवळपास पाचपट होती. आपल्या हातचं आपल्याला गोड लागतं. गिऱ्हाईक मात्र आकृतीकडे बघतं, हाताकडे नाही.

म्हणून चाचणी अनोळखी माणसांवर करा. "आवडलं का?" हा प्रश्न वापरूच नका, त्याचं उत्तर सभ्य माणूस "हो" असंच देतो. "अशी वस्तू याआधी शेवटची कधी घेतली होती? कुठून? किती दिले? काय खटकलं?" हे विचारा. मग दहा नग करा, पूर्ण किंमत सांगा आणि गप्प बसा. किंमत सांगितल्यावर आपण लगेच "पण तुमच्यासाठी कमी करता येईल" म्हणतो ना, ते म्हणायचं नाही. अनोळखी माणसाने पूर्ण पैसे मोजले आणि काही दिवसांनी परत आला, तर ती मागणी. आधी पैसे भरून वस्तूची वाट पाहायला तयार झाला, तर फारच उत्तम.

नोकरी कधी सोडावी?

तुम्हाला वाटतं त्याच्या बरंच नंतर.

"उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही" हे ऐकायला छान असतं, पण उडी मारायला सांगणारा सहसा काठावर असतो. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या संशोधकांनी २०१४ साली अमेरिकेतल्या स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग पूर्णवेळ उतरलेल्यांचा धंदा बंद पडण्याचा धोका, थेट नोकरी सोडून उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. नाइकीचा फिल नाइट मध्यम अंतराचा धावपटू. १९६४ साली त्याने आपले प्रशिक्षक बिल बोवरमन यांच्याबरोबर बूट विकायला सुरुवात केली, शर्यतींच्या मैदानांवर गाडीच्या डिकीतून. पण हिशेबनीस म्हणून आणि नंतर अध्यापक म्हणून त्याची नोकरी १९६९ पर्यंत चालूच होती. ॲपलची स्थापना एप्रिल १९७६ मध्ये झाल्यावरही स्टीव्ह वॉझनियाक कित्येक महिने एचपीतल्या नोकरीवर जात होता. कंपनीत पैसे घालणाऱ्या माइक मार्कुलाने आग्रह धरला, तेव्हा कुठे त्याने ती सोडली.

माझा स्वतःचा निकष तीन गोष्टींचा होता: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, सलग सहा महिने धंद्यातून पगाराच्या निम्मी रक्कम हातात, आणि वेळ नाही म्हणून परत पाठवाव्या लागलेल्या ऑर्डरी. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. गिऱ्हाईक नसताना नोकरी सोडली तर फक्त रिकामा वेळ वाढतो.

नोकरीचा करार मात्र आधी वाचा. जोडधंद्याला मनाई असते काही ठिकाणी, आणि कार्यालयाचा संगणक, वेळ किंवा संपर्क वापरून केलेल्या कामावर मालक हक्क सांगू शकतो.

किंमत कशी ठरवायची?

या एका प्रश्नावर बहुतेक छंदवाले बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

समजा एका वस्तूला साहित्य १२० चं लागलं, वेष्टन ३० चं. तीन तास गेले, आणि तासाची मजुरी तुम्ही १५० धरली, म्हणजे ४५०. एकूण ६००. बहुतेक जण साहित्य आणि वेष्टनाचे १५० धरतात, मजुरी सोडून देतात ("आवडीनेच तर करतोय") आणि ३०० ला विकून दुप्पट पैसे झाले म्हणून खूश होतात. त्यांनी तीन तास १५० ला विकलेले असतात. तासाला ५०. हौसेला मोल नसतं, हे म्हणायला ठीक आहे. गिऱ्हाइकाने ते ऐकलं की संपलं.

आता हीच वस्तू १००० ला विकली, तर ४०० उरतात. हा सगळा नफा समजू नका. जागा, वीज, हत्यारांची झीज, वेबसाइटचं शुल्क, बिघडलेले नग आणि ते निरोपांना उत्तरं देण्याचे तास, सगळं यातूनच जायचं आहे. इथे एक नेहमीचा घोळ होतो. ६०० खर्चावर ४०० म्हणजे जवळपास ६७ टक्के चढवले, पण विक्रीच्या मानाने ते ४० टक्केच आहेत. "पन्नास टक्के सुटतात" असं कोणी सांगितलं तर कशावर, ते विचारा.

आता सवलतीचं बघू. जागा, वीज, शुल्क असा महिन्याचा ठरलेला खर्च ८००० आहे. नगामागे ४०० उरतात, म्हणजे २० नग विकले की तो खर्च भागतो. तुम्ही उत्साहात २० टक्के सवलत जाहीर केली. किंमत ८००, नगामागे उरतात २००. तोच ८००० चा खर्च भागवायला आता ४० नग लागतील. सवलत वीस टक्क्यांची, पण काम दुप्पट, आणि तुमचे तास ६० चे १२०. दोन हातांच्या धंद्यात सवलत द्यायची ती याच कारणाने जपून. पडून राहिलेला माल काढायचा असेल तर एक वेळ ठीक आहे.

दुकानात ठेवायचा विचार असेल तर आणखी एक गणित. दुकानदार बऱ्याचदा छापील किमतीच्या निम्म्या भावाने माल मागतो, आणि त्यात त्याची चूक नाही, त्यालाही जागा आणि माणसं सांभाळायची असतात. १००० ची वस्तू त्याला ५०० ला, आणि तुमचा खर्च ६००. म्हणजे दुकानातून विकायचं ठरलं तर ही किंमत पहिल्यापासून चुकलेली आहे. किंमत नंतर वाढवण्यापेक्षा हे सुरुवातीलाच पाहिलेलं बरं.

"पण मला तीन तास लागतात, दुसऱ्याला एक लागतो, त्याचं काय?" रास्त शंका आहे. थिओडोर राइट या अभियंत्याने १९३६ साली विमान उत्पादनाच्या नोंदींवरून दाखवलं की एकूण नगांची संख्या दुप्पट झाली की एका नगाला लागणारी मजुरी सुमारे वीस टक्क्यांनी घटते. दहाव्या नगाला पाच तास लागले तर विसाव्याला चार, चाळिसाव्याला तीन तास बारा मिनिटं. तुमचा आकडा वेगळा येईल, पण दिशा हीच. म्हणून पहिल्या नगाच्या वेळेवर किंमत ठरवू नका, वीस-पंचवीस नग झाल्यावर घड्याळ लावा. शिकण्याचे तास गिऱ्हाइकाच्या माथी मारता येत नाहीत, आणि शिकून झाल्यावरचे तास फुकट द्यायचे नसतात.

नातेवाईक आणि मित्र फुकट मागतात. भीड पडते.

फुकट द्यायचं असेल तर पूर्ण फुकट द्या, भेट म्हणून, मनापासून, आणि वर्षाला किती भेटी द्यायच्या ते आधी ठरवा. नाहीतर पूर्ण किंमत घ्या. "आपल्यातलं म्हणून" अर्ध्या किमतीत दिलेल्या वस्तूने दोघंही नाराज होतात: तुम्हाला कमी मिळाले म्हणून, त्याला पैसे मोजावे लागले म्हणून. एका जवळच्या व्यक्तीने माझ्याकडून अर्ध्या किमतीत तीस वह्या करून घेतल्या आणि वर दोऱ्याचा रंग बदलून मागितला. भिडेपोटी बदलूनही दिला. तेव्हापासून मी अर्धवट काही देत नाही.

सुरुवातीला किती भांडवल लागतं?

तुम्हाला जी हत्यारं घ्यायची इच्छा होतेय, त्याच्या बरंच कमी. इव्हॉन शुईनार हा गिर्यारोहक. १९५७ साली त्याने भंगारातून जुनी कोळशाची भट्टी आणि ऐरण आणली, स्वतःच लोहारकाम शिकला आणि कड्यांत ठोकायच्या खुंट्या बनवून गाडीतून विकू लागला. आज पॅटागोनिया म्हणून ओळखली जाणारी कपड्यांची कंपनी त्यातूनच पुढे उभी राहिली. नवं यंत्र तेव्हा घ्या, जेव्हा जुन्यामुळे ऑर्डर हातची जाते. त्याआधी घेतलं तर तो छंदावरचा खर्च आहे, आणि छंदावर खर्च करायला माझी ना नाही, फक्त त्याला भांडवल म्हणू नका.

मला हिशेब जमत नाही. नंतर शिकलं तर चालेल?

नाही चालणार, पण लागतं फार थोडं. धंद्याचं खातं घरखात्यापासून वेगळं काढा. प्रत्येक खर्चाची पावती ठेवा. आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास नोंदींना द्या. वर्षअखेरीस पिशवीभर पावत्या घेऊन बसणाऱ्यांपैकी मी एक होते, ते दोन दिवस आयुष्यातून वजा झाले.

मोठ्या कारागिरांनाही हे उशिराच सुचलंय. इंग्लंडमधला कुंभार जोसाया वेजवुड याची मातीची भांडी राजघराण्यापर्यंत पोचली होती. १७७२ च्या मंदीत पैशांची ओढाताण झाली, तेव्हा तो एकेका वस्तूचा खर्च मांडायला बसला. त्यातून त्याच्या ध्यानात आलं की काही खर्च माल कमी होवो की जास्त, तेवढाच येत राहतो, म्हणून मोठ्या संख्येने केलेल्या वस्तू स्वस्त पडतात. हिशेबाच्या वह्या तपासताना आणखी एक गोष्ट उघड झाली: त्याचा कारकूनच पैसे खात होता.

नफा आणि हातातली रोकड एकच समजू नका, हेही इथेच सांगते. साहित्य आज रोख घेतलं, माल पुढच्या महिन्यात गेला, पैसे त्याच्या पुढच्या महिन्यात आले. कागदावर नफा, पाकिटात शून्य. म्हणून खास करून घ्यायच्या कामाला निम्मी रक्कम आगाऊ घ्या, निदान साहित्य निघेल एवढी.

नोंदणी, परवाने, कर?

हे जागेप्रमाणे आणि धंद्याप्रमाणे बदलतं, त्यामुळे तिथल्या करसल्लागाराला एकदा पैसे देऊन विचारा. जाण्याआधी तीन प्रश्न लिहून न्या: कितीपर्यंतची विक्री नोंदणीशिवाय चालते, घरातून धंदा करायला परवानगी लागते का, आणि तुमच्या वस्तूला सुरक्षेचे वेगळे नियम आहेत का. लहान मुलांची खेळणी, अंगाला लावायच्या वस्तू आणि विजेवर चालणारी उपकरणं यांना ते बहुतेक ठिकाणी असतात.

कोणी माझी नक्कल केली तर?

केली जाईल. चित्र, मजकूर, छायाचित्र यांवरचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) निर्मितीबरोबरच मिळतो. १८८६ च्या बर्न कराराच्या (या हक्काबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) १९०८ मधल्या सुधारणेपासून सदस्य देशांत त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. पण हा हक्क तुमच्या नेमक्या कृतीला असतो, कल्पनेला किंवा तंत्राला नसतो. फुलं दाबून मुखपृष्ठ करायची कल्पना कोणीही उचलू शकतं. धंद्याच्या नावाची गोष्ट निराळी, ते जमेल तेव्हा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून टाका, आणि ठेवण्याआधी कोणाचं आहे का ते शोधा. उलट बाजूही लक्षात असू द्या: प्रसिद्ध कार्टून पात्रं छापलेल्या वस्तू छंद म्हणून खपून जातात, विकायला लागलात की नोटीस येऊ शकते.

ऑर्डरी वेळेत होत नाहीत. माझंच काही चुकतंय का?

सगळ्यांचंच चुकतं. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. अगदी सगळं बिघडलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून अधिक. म्हणजे स्वतःचा सर्वात वाईट अंदाजही कमीच पडला.

मी मागच्या पाच ऑर्डरींना खरोखर किती दिवस लागले ते बघते आणि त्यातला सर्वात मोठा आकडा गिऱ्हाइकाला सांगते. लवकर दिलं तर कोणी भांडत नाही. उशीर होणारच असेल तर तारीख उलटण्याआधी कळवा, उलटल्यावर नाही. गिऱ्हाईक उशिरापेक्षा गप्प बसण्यावर जास्त चिडतं, हा माझा अनुभव.

रोज सोशल मीडियावर टाकावं लागतं का?

नाही. आठवड्यातून दोनदा, काम चालू असतानाचे फोटो पुरतात. पण जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते तुमच्या स्वतःच्या वहीत असू द्या. दुसऱ्याच्या मंचावरचं खातं एका रात्रीत बंद होऊ शकतं, माझं झालं होतं, आणि कारण आजतागायत कळलेलं नाही.

मागणी वाढलीय. माणूस ठेवू का?

आधी किंमत वाढवून बघा. ऑर्डरी हाताबाहेर जाताहेत याचा बहुतेक वेळा एवढाच अर्थ असतो की तुम्ही स्वस्त आहात. मग प्रतीक्षायादी करा. तरीही रांग हटली नाही तर माणूस ठेवा, पण कुठल्या कामाला, ते नीट ठरवून. सगळेजण आपलं मुख्य काम वाटून द्यायला जातात. मी खोकी बांधायला आणि निरोपांना मदतनीस घेतली, शिवण माझ्याकडेच ठेवली. उलटं केलं असतं तर मी माझ्याच धंद्यात कारकून झाले असते.

आणि वाढायलाच हवं असं कुणी सांगितलं? दोन हातांत मावेल एवढाच धंदा ठेवणारे, वर्षानुवर्षं नीट चाललेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यावर लेख येत नाहीत, एवढंच.

चालणारी वस्तू बदलावी का?

शुईनारकडेच परत जाऊ. १९७० पर्यंत तो अमेरिकेतला गिर्यारोहणाच्या साधनांचा सर्वात मोठा पुरवठादार झाला होता, आणि खप होता त्या पोलादी खुंट्यांचा. पण त्याच ठोकून-उपसून त्याच्या आवडत्या कड्यांच्या भेगा फुटत होत्या. त्याने खुंट्या हळूहळू बंद केल्या आणि १९७२ पासून हातोड्याशिवाय भेगेत अडकवायचे ॲल्युमिनियमचे ठोकळे पुढे आणले. असं धाडस त्याला जमलं, कारण तो स्वतः त्या कड्यांवर चढत होता. वस्तू वापरणं सोडू नका. मी अजूनही रोज माझ्याच वहीत लिहिते, आणि पाठीचा पुठ्ठा सैल होतो हे गिऱ्हाइकाच्या आधी मला कळतं.

नको झालं तर बंद कसं करायचं?

नवीन ऑर्डरी थांबवा आणि तसं स्पष्ट लिहून लावा. हातातल्या पूर्ण करा. ज्या होणार नाहीत त्यांची आगाऊ रक्कम त्याच आठवड्यात परत करा, मागायची वाट पाहू नका. उरलेलं साहित्य याच कामातल्या कुणाला द्या. नोंदणी केली असेल तर ती रीतसर रद्द करा, नाहीतर करखात्याची पत्रं येत राहतात. हत्यारं मात्र निदान सहा महिने विकू नका.